हिरव्या पाण्यावरचा हिरवा उतारा

मायक्रोसिस्टिन हे गोड्या पाण्यातले विष. साचलेल्या, कोमट, खतावलेल्या पाण्यावर जी हिरवी साय धरते, तिच्यातल्या काही जिवांच्या पेशीत ते तयार होते. बोलीत या जिवांना शेवाळ म्हणतात आणि जुन्या पाठ्यपुस्तकांत नीलहरित शैवाल. मुळात मात्र ते जिवाणू आहेत. त्यांना सायनोबॅक्टेरिया असे नाव आहे. वनस्पतींसारखे ते ऊन खातात, प्राणवायू सोडतात. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू प्रथम साठला तो त्यांच्याच प्राचीन पूर्वजांमुळे. त्यांच्यातले बहुसंख्य निरुपद्रवी आहेत. लोणार सरोवराचे पाणी एरवी हिरवे दिसते तेही अशाच जिवांमुळे, आणि पूरक अन्न म्हणून विकली जाणारी स्पिरुलिना त्याच कुळातली. विष करणारे मोजकेच, पण त्यांच्यातला मायक्रोसिस्टिस नावाचा जिवाणू जगभरच्या धरणांत आणि तलावांत पसरलेला आहे. या कुळातल्या निरुपद्रवी भावंडांमध्ये दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक बसवून त्यांच्याकरवी हे विष तोडून घेता येईल का, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळांनी हाती घेतला आहे. धरणाच्या साठलेल्या पाण्यावर जगणाऱ्या मराठवाड्याने हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे.

मायक्रोसिस्टिनची घडण नीट पाहिली तर पुढचे सगळे सोपे होते. सात अमिनो आम्लांची साखळी आणि तिची दोन टोके एकमेकांना जोडून झालेले कडे, असे हे विष असते. या सातांपैकी दोन जागी अमिनो आम्ले बदलत राहतात, आणि अशा फेरफारांमुळे त्याचे अडीचशेहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. सर्वाधिक अभ्यास झालेल्या प्रकारात त्या दोन जागी ल्युसिन आणि आर्जिनिन असतात. त्याला मायक्रोसिस्टिन-एलआर म्हणतात. कड्याच्या एका बाजूला 'अड्डा' या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक विचित्र, लांब शेपटीचे अमिनो आम्ल असते, आणि विषाचा डंख तेच. शरीरात गेल्यावर हे कडे पित्ताम्लांच्या वाटेने यकृताच्या पेशींत शिरते. तिथे प्रथिनांवरचे फॉस्फेट उतरवणारी दोन विकरे, म्हणजे एन्झाइम, ते बंद पाडते. पेशीचा आतला सांगाडा त्यामुळे ढासळतो. मात्रा मोठी असेल तर यकृतात रक्तस्राव होतो. मात्रा थोडी पण वर्षानुवर्षे जात राहिली तर काय होते याची चिंता वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मायक्रोसिस्टिन-एलआरला 'माणसात कर्करोगास संभवतः कारणीभूत' अशा गटात ठेवले आहे.

कडे असल्यामुळेच हे विष चिवट असते. टोक मोकळे नसल्याने प्रथिने पचवणाऱ्या नेहमीच्या विकरांना पकड मिळत नाही. उकळीलाही ते दाद देत नाही. उलट उकळताना पाणी आटले तर उरलेल्या पाण्यात विषाचे प्रमाण वाढते. आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींत येणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर अख्ख्या टँकरमध्ये ग्रॅमचा शंभरावा भाग. इतक्या थोड्या विषाला चव नसते, रंगही नसतो.

सायनोबॅक्टेरियाच्या विषांची पहिली शास्त्रीय नोंद १८७८ सालची आहे. जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी हिरवा थर असलेले पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेल्याचे 'नेचर' या नियतकालिकात कळवले. माणसांच्या बाबतीतली सर्वांत भीषण घटना १९९६ मधली, ब्राझीलच्या कारुआरू गावातली. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने आणलेले, पुरेसे शुद्ध न केलेले तलावाचे पाणी पुरवले गेले. डायलिसिसमध्ये पाणी पोटातून जात नाही. त्यातले विष गाळणीच्या पडद्यातून थेट रक्तात उतरते. १३१ रुग्णांपैकी १०० जणांची यकृते निकामी झाली आणि ५० हून अधिक दगावले. चीनमधील वूशी शहराला २००७ मध्ये ताइहू सरोवर हिरवे पडल्याने पाण्याविना राहावे लागले. अमेरिकेतील टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगण्याची वेळ आली. टोलेडोचे पाणी एरी सरोवरातून येते. त्या सरोवराच्या उथळ पश्चिम टोकाचे वर्णन वाचताना मराठवाड्यातल्या वाचकाला जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, आठवल्यावाचून राहत नाही.

पैठणजवळ गोदावरी अडवून बांधलेल्या जायकवाडी प्रकल्पाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीची ही मातीची भिंत जवळजवळ २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी अडवते, आणि ते पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. भागाकार केला तर सरासरी खोली सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, आणि तीही धरण काठोकाठ असताना. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघडी पडणारी गाळपेर आणि उथळ खाड्या इथे पाणपक्ष्यांना बोलावतात, म्हणून हा जलाशय पक्षी अभयारण्यही आहे. पण पक्ष्यांना जे मानवते तेच सायनोबॅक्टेरियालाही मानवते. त्यांना हवे असते संथ पाणी, भरपूर ऊन, पंचविशीच्या वरचे तापमान आणि खत.

खताचा हिशोब इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. धरणाच्या वरच्या अंगाला २१ हजार चौरस किलोमीटरहून मोठे पाणलोट क्षेत्र आहे. त्यात नाशिक शहर येते, निफाडची द्राक्षे येतात, कोपरगाव-प्रवरेचा उसाचा पट्टा येतो. शहरांचे सांडपाणी, शेतातून वाहून आलेले खत, जनावरांचे मलमूत्र यांतला नत्र आणि फॉस्फरस अखेर याच साठ्यात येऊन थांबतो. जलशास्त्रात एक ठोकताळा सांगितला जातो. एक किलो फॉस्फरसवर ५०० किलोपर्यंत ओले शेवाळ पोसले जाऊ शकते. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीला हाच अनुभव पुण्याच्या सांडपाण्यामुळे येतो आणि कोल्हापूरच्या रंकाळ्याला शहराच्या नाल्यांमुळे. संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली सरोवर, जुन्या नावाने खिजरी तलाव, याचे छोटे पण ठळक उदाहरण आहे. वस्त्यांचे पाणी त्यात उतरत गेले आणि तळे जलपर्णी व शेवाळाने भरत गेले. पाणी हिरवे दिसले म्हणजे ते विषारीच असते असे मात्र नाही. एकाच तळ्यातले मायक्रोसिस्टिसचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत, आणि भिंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो विषाची मोजणी केल्यावरच.

मायक्रोसिस्टिसला आणखी एक सोय निसर्गाने दिली आहे. त्याच्या पेशीत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर तो पहाटे वर तरंगतो आणि उन्हाची पहिली तिरीप पकडतो. वारा थंडावला की हे थवे पृष्ठभागावर गोळा होतात आणि वाऱ्याच्या दिशेला किनाऱ्याशी साचतात. त्यामुळे धरणाच्या मध्यावर घेतलेला नमुना निर्धोक निघू शकतो आणि त्याच दिवशी काठावर गुरे पीत असलेल्या पाण्यात विष कितीतरी पट असू शकते. संभाजीनगरच्या इतिहासात या सवयीला चोख उत्तर देणारी एक रचना होऊन गेली आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालून पाणी आणत असे. त्या अंधाऱ्या वाटेत शेवाळाला ऊन मिळण्याची सोयच नव्हती.

विष जिवंत पेशीच्या आत असते तोवर ते काढणे तुलनेने सोपे. पैठणहून सुमारे ४० किलोमीटरच्या जलवाहिनीतून शहराकडे येणारे पाणी फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. अशा केंद्रांत तुरटीने गढूळपणा गोळा होतो, तळाशी बसतो, उरलेला वाळूच्या गाळणीत अडकतो. अखंड पेशीही त्याबरोबर जातात. अडचण सुरू होते पेशी फुटल्यावर. शेवाळाने नळ तुंबू नयेत म्हणून कच्च्या पाण्यातच क्लोरीन सोडला, तर पेशी फुटून विष पाण्यात विरघळते आणि विरघळलेल्या विषाला तुरटी धरत नाही. मोरचूद टाकून तलाव साफ करण्याचा जुना उपाय याच कारणाने धोक्याचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातले शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरले गेले. मेलेल्या पेशींतून बाहेर आलेल्या दुसऱ्याच एका शैवालविषाने १४८ जण आजारी पडले, त्यांपैकी १३८ मुले होती. विरघळलेले मायक्रोसिस्टिन काढायचे तर सक्रिय कार्बन, ओझोन, किंवा पाण्याचा सामू आठच्या खाली ठेवून क्लोरीनला पुरेसा वेळ देणे, हे मार्ग आहेत. कार्बन आणि ओझोन खर्चिक आहेत. क्लोरीन स्वस्त आहे, पण हिरव्या पाण्याचा सामू दिवसा आठच्या वर सहज जातो, कारण प्रकाशसंश्लेषणात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते.

या कोंडीत निसर्गाने आधीच शोधून ठेवलेला एक उपाय आहे. तळ्यात विष साठतच जात नाही. काही दिवसांनी ते नाहीसे होते. ते खाऊन जगणारे जिवाणू पाण्यातच असतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक डेव्हिड बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा एका स्फिंगोमोनास जिवाणूत विष तोडण्याची वाट कशी चालते ते दाखवले आणि २००१ मध्ये त्यामागचा जनुकांचा संच उलगडला. चार जनुके एकमेकांशेजारी बसलेली असतात. पहिले, एमएलआर-ए, एक विकर तयार करते. ते अड्डा आणि आर्जिनिन यांच्यामधला सांधा तोडते आणि कडे उघडून त्याची सरळ साखळी होते. दुसरे विकर त्या साखळीचा चार आम्लांचा तुकडा पाडते. तिसरे तो तुकडाही फोडते. चौथे जनुक विषाची ने-आण करणारे असावे असे मानले जाते. या चौघांत पहिल्याचे काम निर्णायक आहे. कडे एकदा उघडले की त्या सरळ साखळीची फॉस्फेट-विकरे बंद पाडण्याची ताकद सुमारे १६० पटीने घटते. त्यापुढचे तुकडे करायला इतरही विकरे आहेत. कड्याला पहिला छेद देणारे मात्र दुर्मीळ.

मग हे जिवाणूच तळ्यात का सोडू नयेत? ते तळ्यात असतातच, पण कामाला उशिरा लागतात. ऑस्ट्रेलियातील एका तलावात शेवाळ मारल्यावर केलेल्या निरीक्षणात विष आठवड्याहून अधिक काळ जसेच्या तसे राहिले आणि नंतर एकाएकी झपाट्याने घटले. आधी जिवाणूंची संख्या वाढावी लागते, विकर तयार व्हावे लागते. शहराच्या नळाला तेवढी वाट पाहता येत नाही. म्हणून विकर आधीच तयार असलेली पेशी हाताशी ठेवावी, हा पुढचा विचार. पोलंडमधील क्राकोव्हच्या यागिएलोनियन विद्यापीठात दारिउश जीगा यांच्या गटाने एमएलआर-ए जनुक आधी ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत बसवले. २०१३ मध्ये त्या पेशी अल्जिनेटच्या मण्यांत कोंडून, त्यांच्यामधून पाणी सोडून विष तुटते हे त्यांनी दाखवले. पण ई. कोलायला खायला साखर आणि प्रथिने लागतात. पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात असे अन्न पुरवणे म्हणजे इतर जंतूंना आमंत्रण देणे.

म्हणून यजमान बदलला. याच गटातील जेसन डेक्स्टर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एमएलआर-ए जनुक सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात बसवल्याचे प्रसिद्ध केले. उन्हावर वाढणारी ही पेशी बाहेरच्या पाण्यातले मायक्रोसिस्टिन तोडू लागली. तिला साखर लागत नाही. प्रकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि थोडे क्षार यांवर तिचा संसार चालतो, आणि क्षारांपैकी नत्र व फॉस्फरस तर हिरव्या पाण्यात आधीच जास्त असतात. म्हणजे जे खत विषारी शेवाळ पोसते, तेच खत विष तोडणारी पेशीही पोसू शकते. शिवाय वाढलेल्या पेशी काढून घेतल्या की तेवढे खतही पाण्याबाहेर येते. या कल्पनेचे खरे सौंदर्य इथे आहे.

सिनेकोसिस्टिसची निवड सहज झालेली नाही. १९९६ मध्ये जपानच्या काझुसा संस्थेने त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला, आणि प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या कोणत्याही सजीवाचा संपूर्ण वाचलेला तो पहिला जनुकसंच. सभोवतालच्या पाण्यातला डीएनए तो आपणहून आत घेतो, त्यामुळे त्याच्यात जनुक घालणे सोपे जाते. जनुकाच्या दोन्ही बाजूंना यजमानाच्या डीएनएशी जुळणारे तुकडे जोडतात, म्हणजे ते नेमक्या जागी शिवले जाते. त्याच्या पुढे एक चालू-बंदची कळ बसवावी लागते. प्रकाश शोषणाऱ्या फायकोसायनिन या निळ्या प्रथिनाची कळ त्यासाठी वापरतात, कारण ते प्रथिन पेशीत प्रचंड प्रमाणात तयार होते. पण एक कष्टाचे काम उरतेच. या जिवाणूच्या एका पेशीत गुणसूत्राच्या अनेक, डझनभरही, प्रती असतात. त्यांपैकी एकीत जनुक शिरले तर बाकीच्या जुन्याच राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जुने रूप डोके वर काढते. सगळ्या प्रती बदलेपर्यंत पेशींना निवडीच्या चाळणीतून पुन्हा पुन्हा काढावे लागते.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यातले तत्त्व नवे नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे जनुक कपाशीत बसवून बीटी कपाशी झाली, आणि भारतात तिला २००२ च्या मार्चमध्ये मंजुरी मिळाली तेव्हा त्या बियाण्यामागे जालन्याची महिको होती. इथेही एका जिवाणूचे जनुक दुसऱ्या सजीवात जाते आहे. पण साम्य इथेच संपते. कपाशी शेतात उभी राहते, मोजता येते, उपटता येते. सायनोबॅक्टेरिया धरणात सोडला तर त्याला परत बोलावता येत नाही.

यजमानाच्या शोधात महाराष्ट्राचे नाव एका वेगळ्या वाटेने आले आहे. मुंबईचा पवई तलाव १८९१ च्या सुमारास शहराला पाणी देण्यासाठी बांधला गेला. पाण्याचा दर्जा खालावल्याने तो पिण्यासाठी सोडून द्यावा लागला. त्याच तलावाच्या पाण्यातून आयआयटी मुंबईमधील प्रमोद वांगीकर यांच्या गटाने एक सायनोबॅक्टेरिया वेगळा काढला आणि २०१८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. सिनेकोकोकस इलाँगेटस पीसीसी ११८०१ असे त्याचे नाव. साध्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवरही तो २.३ तासांत दुप्पट होतो, जास्त तापमान सोसतो आणि त्याच्यात जनुके बसवता येतात. सक्सिनेट आणि इथिलीन ही रसायने त्याच्याकडून करवून घेतल्याचे काम पुढे प्रसिद्धही झाले. सिनेकोसिस्टिस तिशीच्या आसपासच्या तापमानाला रमतो, आणि पैठणच्या मे महिन्यात उघड्यावरच्या काचेच्या नळीतले पाणी त्याला भाजून काढील. विष तोडणारे जनुक मराठवाड्यात वापरायचे असेल तर पवईच्या या उष्णतासोशिक जिवाणूसारखा यजमान हवा. प्रदूषित म्हणून टाकून दिलेल्या एका मराठी तलावाने तो दिलेला आहे, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनी मनावर घ्यायला हवी. शेवाळाच्या अभ्यासाची परंपराही इथे आहे. महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातील डायटमवरचा सरोदे आणि कामत यांचा ग्रंथ १९८४ मध्ये संभाजीनगरातून प्रकाशित झाला, आणि आजही त्याचे संदर्भ दिले जातात.

अडचणी थोड्या नाहीत. पहिली प्रकाशाची. दाट हिरव्या पाण्यात ऊन काही सेंटिमीटरच्या पुढे पोचत नाही, म्हणून या पेशी खोल टाकीत नव्हे, पातळ थरात किंवा बारीक नळ्यांत वाढवाव्या लागतात आणि त्याला जागा लागते. दुसरी अडचण ओझ्याची. परके विकर करण्यात पेशीची शक्ती खर्च होते, त्यामुळे जनुक गमावलेली पेशी अधिक वेगाने वाढते आणि कालांतराने कळप तिचाच होतो. तिसरी अडचण शिकाऱ्यांची. उघड्या पाण्यात रोटिफर आणि पाणपिसवा या पेशी खाऊन टाकतात. चौथी विकराच्या मर्यादेची. एमएलआर-ए मायक्रोसिस्टिनचे कडे उघडते, पण पाम बेटावरच्या विषाला किंवा मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या ॲनाटॉक्सिनला ते हात लावत नाही. पाण्याला मातकट वास देणारे जिओस्मिनही तसेच राहते. म्हणून कोणते विष पाण्यात आहे हे आधी कळल्याशिवाय कोणते जनुक हवे हेच ठरत नाही.

आणि सुरक्षिततेचा प्रश्न. जनुक बसलेल्या पेशी निवडण्यासाठी प्रयोगशाळेत सहसा प्रतिजैविकाला न जुमानणारे आणखी एक जनुक सोबत जोडतात. पिण्याच्या पाण्याजवळ असे जनुक नेणे मुळीच योग्य नाही. ते पाण्यातल्या इतर जंतूंकडे जाऊ शकते. सुदैवाने ही खूण मागाहून काढून टाकण्याच्या पद्धती आहेत. पेशी निसटल्याच तर जगू नयेत यासाठीही उपाय शोधले गेले आहेत. जपानच्या हिरोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये एक सायनोबॅक्टेरिया असा बदलला गेला की त्याला नेहमीचे फॉस्फेट वापरताच येईना. निसर्गात सहसा न आढळणारे फॉस्फाइट दिले तरच तो वाढे. धरणाच्या पाण्यात तो उपाशी मरेल. भारतात अशा जिवांच्या वापरावर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांचे बंधन आहे आणि उघड्यावर सोडण्यासाठी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते. हे बंधन जाचक नाही, गरजेचे आहे.

या सगळ्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. बदललेला सायनोबॅक्टेरिया नाथसागरात सोडण्याची कल्पना आज स्वीकारण्यासारखी नाही. ३५० चौरस किलोमीटरच्या पाण्यात त्याचे काय होईल हे पाहण्यासाठी प्रयोग करणेच धोक्याचे आहे, आणि वरून खत येत राहिले तर हा नवा पाहुणा स्वतःच हिरवी साय होऊन बसेल. त्याची खरी जागा केंद्राच्या आवारात आहे. बंद काचनळ्यांत, किंवा मण्यांत आणि पडद्यांमागे कोंडलेला, तुरटी आणि गाळणीनंतर पण क्लोरीनच्या आधी. तिथे विरघळलेले विष त्याच्यासमोरून वाहील, विकर कडे उघडील, आणि निसटलेल्या पेशीला पुढचा क्लोरीन संपवील. सध्या तरी हे प्रयोगशाळेच्या मापाचे काम आहे. शहराच्या मापाला ते आलेले नाही. त्याआधीची दोन कामे मात्र कोणत्याही जनुकाची वाट पाहत नाहीत. एक, गोदावरीत येणारे सांडपाणी रोखणे. दुसरे, मोजणी. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात मायक्रोसिस्टिनसाठी मर्यादाच दिलेली नाही. जे मोजले जात नाही त्याच्यावर उपाय कोणी मागत नाही. पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत नाथसागराच्या पाण्यातले हे विष नियमित मोजले गेले पाहिजे आणि आकडे लोकांसमोर आले पाहिजेत.

तोवर धरणकाठच्या गावांनी काही गोष्टी पाळाव्यात. काठाशी हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग साचलेला दिसला तर तिथे गुरे पाजू नयेत, मुलांना पोहू देऊ नये, तिथले पाणी घरी आणू नये आणि उकळले म्हणून ते निर्धोक झाले असे समजू नये. मासे खायचे असतील तर आतडी आणि यकृत काढून टाकून, स्वच्छ पाण्याने धुऊनच शिजवावेत.